आईचा व्यवसाय

५ जानेवारी, रविवार

साखर कारखान्याची डायरी दरवर्षी माझी बायको शीला घ्यायची. गॅस कधी लावला, पाहुणे कधी आले, नंदुरबारला डायलिसिसला कोणत्या वारी जायचं, सगळं त्यात. यंदा डायरी आली आणि टीव्हीवर पडून राहिली. शीलाला जाऊन अडीच महिने झाले. दिवसभर वजनकाट्यावर जे घडतं ते संध्याकाळी तिला सांगायची सवय होती. कोणत्या ट्रकवाल्याने काटा मारला म्हणून हुज्जत घातली, कोणत्या बैलाने काट्यावरच घाण केली. आता ते साचून राहतं. म्हणून लिहायला घेतलं. कुणाला वाचायला नाही.

आज पोरीचा, भाविकाचा, अर्ज भरला. नवनीत सरांचं खूळ. नवनीत आमच्या गल्लीतलाच, लोणखेड्याच्या कॉलेजात तिला भौतिकशास्त्र शिकवतो. बंगळूरजवळ एक विद्यापीठ आहे म्हणे, राहणं-खाणं-शिकणं सगळं फुकट, पण शंभर अर्जांतून दोन पोरं घेतात. आधी परीक्षा, मग मुलाखत. मी म्हणालो, शंभरातले अठ्ठ्याण्णव व्हायला तिने कशाला जायचं? ते घरबसल्या होता येतं. नवनीत हसला नाही.

शहाद्याला सीमाच्या सायबर कॅफेत गेलो. सीमा रकाना वाचायची, मी उत्तर द्यायचो. वडिलांचं नाव, हिलाल. व्यवसाय, वजनकाटा लिपिक. भावंडं, नाहीत. आईचं नाव, शीला. आईचा व्यवसाय? मी म्हणालो, गृहिणी. बालवाडीपासून प्रत्येक फॉर्मात हेच सांगत आलो, तोंडाला सवय आहे. पुढे हयात आणि मयत असे दोन गोल होते. सीमाने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत आहे, दशक्रियेला आली होती. मी म्हणालो, पुढचं घ्या. तिने पहिल्या गोलात टिंब टाकलं.

भाविका माझ्या मागेच उभी होती. बहुतेक तिचं लक्ष नव्हतं. परत येताना वाटलं, दुरुस्त करून घ्यावं. पण एकदा गेलेला अर्ज उघडत नाही, असं सीमा म्हणाली होती. आणि तसंही कोण वाचतंय?

१२ जानेवारी, रविवार

अर्ज गेला की आठवड्याभरात निबंध वेगळा पाठवायचा असतो, इंग्रजीत. तुमच्यावर कुणाचा प्रभाव पडला, असा काहीसा विषय. भाविकाने चार दिवस दार लावून लिहिला. कुणावर लिहिलास विचारलं तर म्हणाली, "भाभीवर."

इथे बाहेरचं कुणी असतं तर गोंधळलं असतं. माझा धाकटा भाऊ भाईदास मला भाऊ म्हणायचा आणि शीलाला भाभी. तेव्हा तो आमच्यातच राहायचा. पोरीला बोलता येऊ लागलं तशी तीही मला भाऊ आणि शीलाला भाभीच म्हणू लागली. आमच्याकडे अर्ध्या घरांत हेच आहे. पहिलीत असताना बाईंनी सांगितलं, आईला आई म्हणावं. भाविका घरी आली आणि दारातूनच तिने "आई" अशी हाक मारली. शीलाने इकडे-तिकडे पाहिलं आणि म्हणाली, "कोन आई? आई तं पुस्तकमा ऱ्हास." त्यानंतर तो शब्द आमच्या घरात आला नाही.

नवनीतने निबंध तपासला. दोन स्पेलिंगं सुधारली, बाकी हात लावला नाही. म्हणाला, "हिलालभाऊ, पोरगीनी जीव ओतेल शे." त्याचे डोळे ओले होते. मीही वाचून पाहिला. माझं इंग्रजी ट्रकच्या नंबरप्लेटपुरतं, त्यामुळे Bhau आणि Bhabhi एवढे दोनच शब्द ओळखीचे निघाले. तेवढ्यावर समाधान मानलं. नवनीतच्या घरीही आई भाभीच आहे, त्याला काही खटकायचा प्रश्न नव्हता.

भाविकाला म्हटलं, मला एकदा आपल्या बोलीत वाचून दाखव. म्हणाली, नंतर.

२ फेब्रुवारी, रविवार

धुळ्याला परीक्षा झाली. पहाटेच्या एसटीने गेलो. बाहेर गाड्या लावलेल्या, बाप लोक झाडाखाली बसून कोणत्या क्लासचा निकाल चांगला ते बोलत होते. मला विचारलं, कुठला क्लास? म्हणालो, लोणखेडा. त्यांनी माना हलवल्या, पण तो क्लास त्यांना माहीत नव्हता.

बाहेर आल्यावर भाविका म्हणाली, नऊ नाणी आहेत, एक हलकं आहे, तराजूवर दोनदाच तोलून ते ओळखायचं, असा प्रश्न होता. एकवीस वर्षं मी काट्यावर आहे. दोंडाईचा येईपर्यंत डोकं खाजवलं, आलं नाही. तिने शेंगदाणे घेऊन मांडीवर करून दाखवलं. तीन-तीन-तीन. लाज वाटायला हवी होती, पण छाती फुगली. शेजारच्या सीटवरच्या म्हाताऱ्यालाही पुन्हा करून दाखवायला लावलं.

तरी सांगतो, लागणार नाही. आमच्या घरात चांगलं काही लागायचं असतं तर शीलाला कुणाची किडनी लागली असती.

२६ फेब्रुवारी, बुधवार

लागलं. मुलाखतीला बोलावलं आहे, २३ मार्चला नाशिकला. अख्ख्या जिल्ह्यातून ती एकटी, असं नवनीत म्हणतो. काट्यावर सगळ्यांना कळलं. ज्याच्याशी रोज भांडण होतं त्या ट्रकवाल्यानेही पेढा मागितला.

खरं लिहायचं ठरवलं आहे तर लिहितो. मला आनंद झाला नाही.  संध्याकाळी ती बारावीच्या अभ्यासाला बसलेली असताना मी मधल्या दारातून पाहत राहिलो. ती बंगळूरला गेली तर या घरात मी आणि टीव्ही. चार वर्षं. आणि चार वर्षांनी कोण लोणखेड्याला परत येतं? नाव निघू नये, असं मनात आलं. बापाच्या मनात असं येऊ नये, पण आलं.

अकरावीला तिचे मार्क पडले होते. हंगामात मला सुटी नाही, त्यामुळे आठवड्यातून दोनदा शीलाला नंदुरबारला तीच न्यायची. मी कधी तिला त्याबद्दल बरं बोललो, असं आठवत नाही. पोरगी घट्ट आहे. शीला गेल्यावरही तेराव्यानंतर रडलेली मी पाहिली नाही.

१० मार्च, सोमवार

दुपारी काट्यावर असताना विद्यापीठातून फोन आला. बाईंचा आवाज, शुद्ध हिंदी. फॉर्मची पडताळणी. ट्रक काट्यावर उभा, मागे रांग, हॉर्न वाजत होते, पण मी सगळ्यांना थांबवून नीट उत्तरं दिली. परप्रांतीय ड्रायव्हरांमुळे माझं हिंदी चांगलं आहे.

त्यांनी विचारलं, "भाविका के भाई क्या करते हैं?"

म्हणालो, "भाई नहीं है जी. अकेली लड़की है."

"और निबंध में जिन भाभी के बारे में लिखा है?"

"वो अब नहीं रहीं."

बाईंनी अच्छा म्हटलं. मग म्हणाल्या, "माताजी के सामने गृहिणी लिखा है, हयात लिखा है. सही है?"

त्यांनी फॉर्ममध्ये काय लिहिलं आहे ते विचारलं होतं, आणि लिहिलं तर तसंच होतं. मुलाखत तोंडावर आलेली असताना फॉर्ममध्ये खोट आहे, असं कुठला बाप सांगेल? म्हणालो, "सही है."

बाई धन्यवाद म्हणाल्या. एकच गोष्ट दोन ठिकाणांहून विचारतात, ऑफिसची ही जुनी रीत आहे. माझं हिंदी ऐकून त्यांना नंदुरबारचा माणूस वाटला नसणार.

भाविकाचे पेपर चालू आहेत, तिला सांगितलं नाही.

२३ मार्च, रविवार

नाशिकहून आत्ताच आलो. अंग मोडून आलं आहे.

कॉलेजच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर मुलाखती होत्या. आत तीन जण. बाहेर बाकावर आम्ही पालक. पोरं आत जात ती अर्धा-अर्धा तास बाहेर येत नसत, आली की आयांच्या गळ्यात पडत. भाविकाच्या अंगात शीलाने शिवून ठेवलेला पोपटी कुर्ता होता, जरा ढगळ झाला आहे. माझी सवय म्हणून घड्याळ लावलं. अकरा मिनिटांत बाहेर.

"कशी झायी?" मी विचारलं.

"बरी झायी."

"काय इचारं?"

"घरनं."

चेहरा मात्र निवांत होता, बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता असा. मला वाटलं, मारली बाजी. हुशार पोराला घरचं विचारून सोडतात, जास्त वेळ काय विचारणार? एसटीत तिने खिडकीला डोकं लावलं ते थेट शहादा आल्यावरच काढलं. मध्ये एकदा मला म्हणाली, "भाऊ, तुमले त्यास्ना फोन वना व्हता का?" म्हणालो, हो, पडताळणी होती, मी व्यवस्थित सांगितलं. "बरं," म्हणाली आणि डोळे मिटले.

११ एप्रिल, शुक्रवार

नाही झालं.

दोन ओळींची मेल. आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. भाविकाने वाचली, मोबाइल मला दिला आणि पीठ मळायला गेली.

दीड महिना जे मनात होतं तेच झालं, तर मला बरं वाटायला हवं होतं. तसं काही वाटलं नाही.  तिने भाकरी करपवली, मी खाल्ली.

१५ एप्रिल, मंगळवार

नवनीत गप्प बसला नाही. त्याने विद्यापीठाला लिहिलं, या मुलीला परीक्षेत इतके गुण असताना नाकारलं का? आज उत्तर आलं. तो धावत काट्यावर आला आणि मला बाजूला नेलं.

"हिलालभाऊ," तो म्हणाला, "त्यास्ले भाभी म्हनजे भाऊनी बायको वाटनी."

माझ्या डोक्यात काही शिरेना. त्याने वाचून दाखवलं. निबंधातल्या भावाचा आणि वहिनीचा अर्जातल्या कुटुंबाशी मेळ बसत नाही, मुलीला भाऊ नाही, आई हयात आहे, वडिलांनीही फोनवर तसंच सांगितलं, तेव्हा निबंधातली आजारी व्यक्ती कल्पित असावी, असं समितीचं मत पडलं.

नवनीतने कपाळावर हात मारून घेतला. "मी तीनदा वाचं. मन्हा डोकामाच वनं नही." त्याच्या काय येणार, त्याच्या घरी भाभी रोज त्याला जेवायला वाढते.

मी विचारलं, निबंधात आहे तरी काय? इतके दिवस मी विचारलं नव्हतं. त्याने तिथेच उसाच्या ट्रॉलीला टेकून सांगितलं. डॉक्टरांनी शीलाला दिवसाचं पाणी ठरवून दिलं होतं. भाविका सकाळी ते मोजून एका बाटलीत भरायची आणि दिवसभर त्यातलंच द्यायची. चहाचं पाणी त्यातून, गोळीचं पाणी त्यातून. शीला कधी गोड बोलून मागायची, कधी शिव्या द्यायची. शेवटच्या संध्याकाळी बाटली संपली होती. शीलाने पाणी मागितलं. भाविका नाही म्हणाली. रात्रीतून शीला गेली. मोजमाप म्हणजे काय ते मी तिथे शिकले, आणि ते कधी मोडावं हे मला अजून कळलेलं नाही, असं शेवटी लिहिलं आहे.

त्या संध्याकाळी मी कामावर होतो. हंगामाआधी काट्याची तपासणी चालली होती. मला हे कुणी सांगितलं नाही. घट्ट पोरगी म्हणत होतो मी तिला.

नवनीत म्हणतो, एक वाट आहे. १९ तारखेपर्यंत मृत्यूचा दाखला आणि माझं पत्र पाठवलं, भाभी म्हणजे आईच, फॉर्म बापाने चुकीचा भरला, तर ते फेरविचार करतात. पत्र तो इंग्रजीत लिहून देणार आहे. त्यात मला हवं तेवढं मूर्ख म्हण, असं मी सांगितलं.

१७ एप्रिल, गुरुवार

दाखला मी आजवर आणलाच नव्हता. भाईदासने सुरतेहून दोनदा फोन करून आठवण केली होती, मी हंगामाचं कारण सांगितलं होतं. आज सुटी टाकून ग्रामपंचायतीत गेलो. तिथला उदेसिंग म्हणाला, "कव्हयना तयार शे," आणि फाइलमध्ये पडून असलेला काढून दिला. सही केली. शीला हिलाल पाटील, वय चव्वेचाळीस, ठिकाण लोणखेडा, आणि तारीख. मोटारसायकल तिथेच विसरून पायी घरी आलो, मग परत जाऊन आणली.

भाविका ओट्यावर डाळ निवडत होती. मी दाखला तिच्यासमोर धरला. म्हटलं, आज नवनीतकडून पाठवतो, तुझं काम होईल. खरंच होईल असं वाटत होतं. जानेवारीपासून पहिल्यांदा वाटलं.

तिने दाखला वाचला, घडीवर घडी घातली आणि म्हणाली, "भाऊ, हाई धाडू नका."

"काबरं?"

"मी तठे सांगेल शे, आई घर शे म्हनीसन."

मग तिने सांगितलं. आत त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ही भाभी कोण? ती म्हणणारच होती, माझी आई. तेवढ्यात एका सरांनी कागद पुढे केला. तुझ्या वडिलांनी आई हयात आहे असं लिहिलं आहे, फोनवरही तेच सांगितलं आहे. ती म्हणाली, "तुम्ही दोनदा सांगेल व्हतं. मी तुमले खोटं कशी पाडू?" म्हणून ती म्हणाली, हो, आई घरी आहे. मग ही भाभी कोण? ती म्हणाली, होती एक बाई.

मी म्हणालो, अगं, बापाची लाज राखायला असं आयुष्य घालवतात का? माझं नाव सांगायचं, बाप येडा आहे म्हणायचं.

ती म्हणाली, लाजेसाठी नाही. पहिलं वाक्य तेवढं लाजेसाठी होतं. पण म्हटल्यावर, "माले बरं वाटनं." समोर तीन मोठी माणसं, तिघांनीही खरं मानलं. एका बाईंनी विचारलं, मग आई कशी आहे तुझी? तर ती सांगत सुटली. ते निबंधाचं विचारू पाहत होते, गणिताचं विचारू पाहत होते, ही थांबली नाही. शेवटी त्यांनीच धन्यवाद म्हटलं.

म्हणजे दाखला पाठवला तर निबंध खरा ठरेल आणि मुलाखत खोटी. तीन माणसांसमोर आई जिवंत आहे म्हणणाऱ्या मुलीला कोण घेईल?  नवनीतला फोन केला, पत्र लिहू नको म्हणून सांगितलं. का ते सांगितलं नाही. तो चिडला, त्याने फोन ठेवला.

लोणखेड्याच्या कॉलेजात बी.एस्सी. करेल ती. मीच मागितलं होतं ना मनातून, की ती इथेच राहावी. मिळालं.

ओट्यावर तिच्याशेजारी बसलो. डाळीतले खडे मीही वेचू लागलो. मग विचारलं, "काय काय सांगं तू त्यास्ले?"

"जशी शे तशी," भाविका म्हणाली. "सकायले पाचले उठस. टीव्ही देखता देखता झोपी जास आनी उठाडं का म्हनस, मी जागीच शे. कोनले हसू वनं का तोंडवर पदर धरस. पहिला चहा माले देस, मंग भाऊले."

शेवटचं साफ खोटं आहे. पहिला चहा माझा असायचा, कामावर जायच्या आधी. मी तसं म्हणालो. भाविका म्हणाली, तुम्ही आंघोळीला गेलात की भाभी माझ्या कपात ओतायची, तुमच्यासाठी पुन्हा आधण ठेवायची, आणि कप विसळून जागेवर. मी शप्पथ घे म्हणालो. तिने घेतली. इतकी वर्षं मी दुसरा चहा पीत होतो. असं का केलं ते शीलालाच विचारायला हवं, आणि शीला मेली आहे.